पाठीवर हात हवा

दसरा उलटला की अंबड तालुक्यातली अनेक बिऱ्हाडे मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, ती हंगाम संपून पट्टा पडल्यावरच परततात. पोरे एकतर फडावर पालात राहतात, नाहीतर गावी थकलेल्या आजीजवळ. त्याच तालुक्यात गोदाकाठी रात्रीचा चोरटा वाळूउपसा चालतो. शाळा सुटलेल्या पोराला रोख पैशाची भुरळ पडायला आणखी काय लागते? पुढे त्याचे नाव पोलीस ठाण्यात गेले, की आपण आईबापांच्या संस्कारांना बोल लावून मोकळे होतो.

संस्कारांचे महत्त्व नाकारायचे कारण नाही. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा अभ्यासकांनी पाठपुरावा केला. ज्यांना लहानपणी स्वतःला आवरणे जमत नव्हते, त्यांच्यात वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांचे प्रमाण जास्त निघाले. घरची सांपत्तिक स्थिती आणि बुद्ध्यांक जमेस धरूनही हा फरक उरला. गॉटफ्रेडसन आणि हिर्शी या अमेरिकी अभ्यासकांनी १९९० मध्ये मांडले, की मुलावर लक्ष ठेवणे, त्याची चूक ओळखणे आणि वेळीच समज देणे यांतून संयम घडतो. पण सहा महिने घरात कर्ते माणूसच नसेल, तर हे करणार कोण?

पण तेवढ्यावरून ऊसतोड्यांच्या मुलांवर गुन्हेगारीचा शिक्का मारणे अन्यायाचे ठरेल. असाच शिक्का मारत १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, डाग अजून पुसलेला नाही. शिवाय बेबंदपणा गरिबाघरीच वाढतो असेही नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात अल्पवयीन मुलाच्या भरधाव पोर्शेने दोघांचा बळी घेतला. त्यानंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून त्याच्या आईवडिलांनाच अटक झाली. मुलाची चूक झाकण्याची ही कथित धडपड खरी असेल, तर तिथे उणीव पैशाची नव्हती, धाकाची होती.

ऊसतोड्यांच्या घरी मात्र हंगामात लक्ष ठेवणारे कर्ते माणूसच नसते. त्यांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे उभारण्याचे सरकारने २०२१ मध्ये ठरवले. गावोगावच्या हंगामी वसतिगृहांची योजना त्याआधीपासून आहे. ही वसतिगृहे मजुरांच्या गाड्या निघण्यापूर्वी सुरू झाली पाहिजेत. फड रंगात आल्यावर मिळालेल्या मंजुरीचा उपयोग काय? मुले सांभाळणाऱ्या आजीआजोबांना आधार द्यावा, गैरहजर मुलाची चौकशी त्याच आठवड्यात व्हावी. ज्यांच्या कष्टावर राज्याची साखर पिकते, त्यांच्या मुलांचे पालकत्व हंगामापुरते तरी राज्याने आणि कारखान्यांनी स्वीकारलेच पाहिजे.