बाळाला खेळायला पिल्लू?

अंबाला छावणीत हे तिसऱ्यांदा पाहतोय. फील्डवरचा जवान सुट्टीवर येतो, 7 महिन्यांच्या लेकीला 'खेळायला' लॅब्राडॉरचं पिल्लू आणतो, फोटो काढतो आणि परत युनिटला. क्वार्टरमध्ये उरते बायको, रांगणारं बाळ आणि दिसेल ते चावणारं पिल्लू.

मेरठच्या आरव्हीसी सेंटरमध्ये कुत्र्याबरोबर त्याचा हँडलरही शिकतो. तुमच्या घरी हँडलर कोण? रात्रीतून चारदा बाळासाठी उठणारी वहिनी?

पिल्लाचा दोष नाही. दात येताना ते चावणार, बाळ त्याची शेपटी ओढणार. जंतांचं औषध, 3 महिन्यांचं झालं की रेबीजची लस, त्याचा वेगळा कोपरा, मध्ये जाळीचं दार आणि दोघांवर सतत डोळा. याला घरात मोकळा माणूस लागतो. दात किंवा नख लागलंच, तर जखम साबण-पाण्याने 15 मिनिटं धुवायची आणि थेट एमआय रूम गाठायची. हळद-चुना नको!

हौस असेल तर पीस पोस्टिंगला आणा, स्वतः घरी असताना. मागच्या बदलीत एकाने पिल्लू पट्ट्यासकट लंगरमागे सोडलं. आम्ही अजून त्याला चपात्या घालतोय.