पोटात गोळा, दारात रिक्षा

सोमवारची सकाळ, पावणेसात. खाली शाळेच्या रिक्षाचा हॉर्न दोनदा वाजून गेलाय. आठवीतली मुलगी गणवेश घालून, वेण्या बांधून, दप्तर पाठीला लावून बाथरूमच्या दारात वाकून उभी आहे. पोटात दुखतंय. आजीनं ओवा चावायला दिला, काल रात्री मीठ-मोहरीनं दृष्टही काढून झाली. बाबा बुटांची लेस बांधता बांधता म्हणतात, "बरं सोमवारीच दुखतं गं तुझं!" आई खिडकीतून रिक्षावाल्या काकांना 'तुम्ही जा' अशी खूण करते. रिक्षा वळते. सव्वासातला मुलगी पोह्यांची बशी घेऊन टीव्हीसमोर बसलेली असते आणि पोटाचं नावही नसतं.

घरात निकाल लागतो : नाटकं.

हे कुणा एका घराचं वर्णन नाही. बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्याबाहेरच्या बाकांवर अशी घरं सोनोग्राफीचे आणि रक्ताचे 'नॉर्मल' रिपोर्ट हातात घेऊन बसलेली दिसतात. रिपोर्ट चांगला आला म्हणजे दुखणं खोटं, असा मोठ्यांचा हिशेब. पण दुखणं खरंच असतं. मेंदूला धोक्याची चाहूल लागली की तो शरीराला पळायला नाहीतर लढायला सज्ज करतो. काळीज धडधडतं, श्वास उथळ होतो, पोटाकडचं रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, आतडी आवळतात. मराठीनं हे केव्हाच टिपून ठेवलंय. पोटात गोळा येतो, छातीत धस्स होतं, हातपाय गार पडतात, अंगाला कापरं भरतं. आणि रिक्षा निघून गेल्यावर दुखणं थांबतं, कारण मेंदूच्या लेखी धोका टळलेला असतो. ज्या पोह्यांच्या बशीवरून मुलगी नाटकी ठरते, ती बशी खरं तर चिंतेकडेच बोट दाखवत असते.

मग प्रत्येक घाबरलेलं मूल आजारी म्हणायचं का? अजिबात नाही. कॉलेजात तोंडी परीक्षेच्या आधी 'मला अँग्झायटी आली' म्हणायची हल्ली पद्धतच पडली आहे, आणि त्यावरून मोठी माणसं नाकं मुरडतात. साधी चिंता आणि चिंताविकार यांतला फरक समजून घ्यायला सचिन तेंडुलकरचं उदाहरण चांगलं आहे. २०२१ च्या मे महिन्यात एका ऑनलाइन गप्पांत त्यानं सांगितलं की सामन्याआधीच्या चिंतेनं त्याला दहा-बारा वर्षं छळलं, कित्येक रात्री झोप लागली नाही. पुढे त्यानं ही चिंता तयारीचाच भाग म्हणून स्वीकारली. चहा करणं, कपड्यांना इस्त्री करणं, बॅग भरणं अशा कामांत तो स्वतःला गुंतवू लागला. झोप उडाली तरी दुसऱ्या दिवशी तो मैदानात उतरत होता. चिंताविकारात नेमकं हे उतरणंच थांबतं. मूल शाळा टाळतं, फोन उचलत नाही, वर्गात हात वर करत नाही, सहलीला जात नाही, आई नजरेआड झाली की कासावीस होतं. आठवडे, महिने हेच चालतं आणि त्याचं जग दर महिन्याला एकेका खोलीनं आक्रसतं.

अशी मुलं किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात ३० कोटी १० लाख लोकांना चिंताविकार होता आणि त्यांतली ५ कोटी ८० लाख मुलं आणि किशोरवयीन होती. आपल्याकडे बंगळुरूच्या 'निमहान्स' या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं (त्यात महाराष्ट्र नव्हता). १३ ते १७ या वयोगटात चिंताविकाराचं प्रमाण ३.६ टक्के आढळलं. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात दोन. ती दोघं बहुधा मागच्या बाकावर, शहाणी, अक्षर सुंदर असलेली आणि शिक्षकांना कधीच त्रास न देणारी असतात. म्हणून तर कुणाच्या लक्षात येत नाहीत.

आता त्या सकाळच्या दोन माणसांकडे परत जाऊ. बाबांचा टोमणा आणि आईची खूण. मराठी घराला भित्र्या मुलाशी वागायच्या या दोनच तऱ्हा ठाऊक आहेत. एक म्हणजे 'भित्री भागूबाई' म्हणून हिणवणं, दुसरी म्हणजे पदराआड घेणं. पहिलीनं मूल दुखावतं, हे आता बहुतेकांना पटलंय. दुसरीनं आजार वाढतो, हे ऐकायला मात्र कुणी तयार नसतं, कारण ती मायेपोटी येते.

घडतं असं. मूल घाबरतं, घर त्याची भीती टाळण्याची व्यवस्था करतं, मुलाला लगेच बरं वाटतं. त्या बरं वाटण्यातून मेंदू एक धडा घेतो : शाळा खरंच धोक्याची होती, गेलो नाही म्हणून वाचलो. पुढच्या सोमवारी गोळा आणखी मोठा येतो. भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस, ही म्हण टोमणा म्हणून वापरली जाते. पण मागे वळून न बघता पळत राहिलं की ब्रह्मराक्षस खरा वाटू लागतो, एवढा मानसशास्त्राचा भाग तिच्यात बरोबर आहे. पाहुण्यांसमोर 'तो बोलत नाही हो, लाजरा आहे' म्हणून मुलाच्या वतीनं उत्तर देणारे काका, हॉटेलात मुलीची ऑर्डर स्वतःच सांगणारे बाबा, 'गॅस बंद आहे ना?' हा प्रश्न रात्रीत वीसदा ऐकून वीसही वेळा 'हो बाळा' म्हणणारी आई, सगळे नकळत त्या राक्षसाला खाऊ घालत असतात.

येल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एली लिबोविट्झ यांनी या व्यवस्थेलाच हात घातला. त्यांच्या उपचारात मूल डॉक्टरसमोर येतच नाही, फक्त आईवडील येतात. ७ ते १४ वयाच्या १२४ मुलांवर त्यांनी अभ्यास केला. निम्म्या मुलांना नेहमीचे बोधनात्मक वर्तनोपचार दिले, उरलेल्यांच्या फक्त पालकांना शिकवलं. २०२० मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात दोन्ही गटांत सुधारणा सारखीच दिसली. पालकांना शिकवायच्या मुख्य गोष्टी दोनच होत्या. मुलाशी बोलताना त्याचा त्रास कबूल करायचा आणि त्याच्या क्षमतेवर विश्वास दाखवायचा. आणि स्वतःची पांघरूण घालायची सवय ठरवून, मुलाला आधी सांगून, हळूहळू सोडायची. मराठीत हे वाक्य साधारण असं होईल : "तुला खूप भीती वाटतेय, दिसतंय मला. आणि तुला हे झेपेल, हेही मला माहीत आहे." ते म्हणायला सोपं वाटतं. पोर रडत असताना, रिक्षावाले काका खोळंबलेले असताना आणि साडेसातची लोकल डोक्यात असताना म्हणून बघावं.

अर्थात आधी विचारायला हवं की भीती कशाची आहे. वर्गात कुणी छळत असेल, कुणी शिक्षक मारत असेल, रिक्षातच कुणी अंगचटीला येत असेल, तर ती चिंता आजाराची नाही. तिथे धीर देण्याआधी मुलाचं म्हणणं खरं मानून तो त्रास बंद करावा लागतो.

भीतीला सामोरं जायचं म्हणजे मुलाला ढकलून द्यायचं, असाही अर्थ नाही. विहिरीत ढकललं की पोहायला येतं, या जुन्या पद्धतीनं किती जणांना आयुष्यभर पाण्याची धास्ती बसली, त्याची मोजदाद कुणी केलेली नाही. उपचारात पायऱ्या असतात. प्रकट वाचनाला घाबरणाऱ्या सहावीतल्या मुलाचंच घ्या. पहिल्या आठवड्यात धडा आजीला वाचून दाखवायचा. मग मधल्या सुट्टीत एका मित्राला. मग शिक्षक-खोलीत एकट्या बाईंना. मग बाकावर बसूनच दोन ओळी, आणि त्यानंतर उभं राहून एक परिच्छेद. प्रत्येक पायरीवर गोळा येतो; थांबून राहिलं की हळूहळू ओसरतो. तो आपोआप ओसरतो हे मुलाला कुणी सांगून कळत नाही, अनुभवानंच कळतं. म्हणून एका पायरीवर पुन्हा पुन्हा उभं राहायचं आणि मगच वर चढायचं.

हा मार्ग एका लाजऱ्या तरुणानं स्वतःवरच करून पाहिला होता. अमेरिकेतल्या ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात एकोणीस वर्षांचा अल्बर्ट एलिस रोज जाऊन बसायचा. मुलींशी बोलायची त्याला दहशत होती. त्यानं ठरवलं की महिनाभर बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रीशेजारी जाऊन बसायचं आणि बोलायला सुरुवात करायची. काही उठून गेल्या, शंभरेक जणी बोलल्या, एकीनं पुन्हा भेटायचं कबूल केलं आणि ती आलीच नाही. एलिस पुढे हा किस्सा हसत हसत सांगत : कुणी पोलीस बोलावले नाहीत, आभाळ कोसळलं नाही, आणि महिनाअखेर भीती मात्र गेली होती. (आजच्या काळात हा प्रयोग जसाच्या तसा करू नये, हे वेगळं सांगायला नको.) याच एलिसनं १९५५ मध्ये मांडलेली उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी 'विवेकनिष्ठ मानसोपचार' या नावानं महाराष्ट्रात रुजवली, मराठीत पुस्तकं लिहिली. मन चिंती ते वैरी न चिंती, हे आपण पिढ्यान्पिढ्या म्हणत आलो. ते चिंतणं कागदावर उतरवून तपासायचं कसं, हे मराठी वाचकाला त्यांनी शिकवलं.

आणि औषधं? 'एकदा गोळ्या लागल्या की सुटत नाहीत' हे वाक्य प्रत्येक इमारतीत एक तरी काकू म्हणतेच. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात ७ ते १७ वयाची ४८८ मुलं होती. नुसत्या वर्तनोपचारानं सुमारे ६० टक्के मुलं सुधारली, नुसत्या सर्ट्रालिन या औषधानं सुमारे ५५, दोन्ही मिळून जवळपास ८१, आणि खोट्या गोळीवर २४. सर्ट्रालिनसारख्या औषधांची चटक लागत नाही. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, सुरुवातीच्या काळात मुलाच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का यावर लक्ष ठेवावं लागतं, आणि ती मनानं बंद करायची नसतात. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची. घराघरांत आजोबांच्या डब्यातून 'अर्धी घे, बरं वाटेल' म्हणून दिली जाते ती नेमकी हीच.

खरी अडचण पुढे आहे. डॉक्टर कुठून आणायचे? देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही भरत नाही. नेहमी दिला जाणारा आकडा ०.७५ आहे आणि त्यातलेही बहुतेक शहरांत. राष्ट्रीय सर्वेक्षणात नैराश्य, चिंता अशा नेहमीच्या मनोविकारांत ८५ टक्के लोक उपचारांविना आढळले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असे निर्देश दिले. निर्देश स्वागतार्ह आहेत. पण आपल्याकडे त्यांची अंमलबजावणी कशी होऊ शकते याचा अंदाज कुणीही बांधू शकतो : दोन दिवसांचं प्रशिक्षण, सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र आणि चित्रकलेच्या सरांच्या गळ्यात 'समुपदेशक' ही आणखी एक माळ.

असं केलं तर काय होतं, याचं उत्तर उपलब्ध आहे. १९९६ पासून गोव्यात काम करणाऱ्या 'संगथ' संस्थेच्या संशोधकांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या सत्तरहून अधिक शाळांच्या अभ्यासात एकच कार्यक्रम दोन प्रकारे राबवला. काही शाळांत शाळेबाहेरची, प्रशिक्षण दिलेली साधी, स्थानिक माणसं समुपदेशक म्हणून ठेवली, काही शाळांत तेच काम शिक्षकांकडे दिलं. २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. स्थानिक समुपदेशक असलेल्या शाळांचं वातावरण सुधारलं, मुलांमधली नैराश्याची लक्षणं आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत म्हणावा असा फरक पडला नाही. यात शिक्षकांना नावं ठेवायचं कारण नाही. मतदारयाद्या, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरण्यातून उरलेल्या वेळात ते शिकवतात. शिवाय ज्या बाई गुण देतात, त्यांच्यासमोर मूल मन कसं मोकळं करणार? महाराष्ट्र सरकारनं खर्च करायचाच असेल तर केंद्रशाळानिहाय प्रशिक्षित, पगारी, फक्त हेच काम करणाऱ्या माणसांवर करावा, आणि त्यांच्यावर देखरेख जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागाची असावी. पदवीधर बेकारांचा तुटवडा या राज्यात नाही.

तोवर घरांना काही गोष्टी माहीत असाव्यात. मानसिक आरोग्यासाठीच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं. मूल मरणाची भाषा बोललं तर सोमवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाकडे जाताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, ते बिनदिक्कत विचारावं. पाट्या कुणीही लावतं. आणि 'याला ठाण्याला नेऊन दाखवा' हा विनोद निदान मुलांसमोर बंद करावा. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून उभं आहे, विनोदही जवळपास तितकाच जुना झालाय. तो ऐकत वाढलेलं मूल स्वतःहून मदत मागायला येत नाही.

त्या आठवीतल्या मुलीसारख्या मुलांच्या बाबतीत उपचारांची सुरुवात बहुतेक वेळा फार साधी ठरते. पहिल्या आठवड्यात आईनं रिक्षात शेजारी बसून शाळेच्या फाटकापर्यंत जायचं. दुसऱ्या आठवड्यात पहिले दोन तास वर्गात बसायचं आणि घरी यायचं, बाईंनी हजेरीवरून बोलायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात मधल्या सुट्टीपर्यंत. एखाद्या दिवशी पुन्हा पोट दुखतं, पुन्हा दप्तर खाली येतं, तेव्हा आदल्या पायरीवर परत यायचं. रिक्षावाल्या काकांनाही हे वेळापत्रक सांगून ठेवावं लागतं, म्हणजे हॉर्न एकदाच वाजवून ते पाच मिनिटं थांबतात.