यंत्रासाठी लिहिताना

डेटाबेसमधील तक्ते व रकाने शोधून देणारे एक साधन मी प्रकल्पासाठी तयार केले. ते वापरणार एआय एजंट; म्हणून माहितीपत्रकात ‘तक्ते शोधते’ एवढेच लिहून मी मोकळा झालो. एजंटाने फीची यादी काढली ती ‘दिनांक’ या रकान्यावरून. तो दिनांक प्रवेशाचा, फी भरल्याचा नव्हे! फी भरलेले जुने विद्यार्थीही थकबाकीदार ठरले.

माणूस अडला तर शेजाऱ्याला विचारतो. एजंटापुढे बहुधा आपण लिहिलेले शब्दच असतात. पोस्टग्रेसमध्ये रकान्याला खुलासा जोडता येतो, परंतु तो लिहिणार कोण? साधनाला काय कळत नाही, हेही माहितीपत्रकात लिहिलेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. आळस माझा होता. बट्टा मात्र इतरांच्या नावाला लागला.