पन्नादाईचा चंदन

इ. स. १५३६ च्या सुमारास चितोडच्या राजवाड्यात बनवीराने महाराणा विक्रमादित्याचा वध केला आणि तो बालक उदयसिंहाच्या शोधार्थ निघाला. परंपरा सांगते की, पन्नादाईने राजपुत्रास टोपलीत लपवून बाहेर धाडिले व त्याच्या शय्येवर आपल्या चंदनास निजविले. पोटच्या पुत्राचा वध तिने डोळ्यांदेखत पाहिला, परंतु हुंदका फुटू दिला नाही. पुढे हाच उदयसिंह गादीवर आला. महाराणा प्रताप त्याचाच पुत्र.

स्वामिनिष्ठेचा आदर्श म्हणून आपण या मातेस वंदन करतो, ते योग्यच आहे. तथापि मॉरिशसच्या ऊसमळ्यांत करारबद्ध होऊन राबलेल्या पूर्वजांच्या वंशजांनी येथे क्षणभर थांबावयास हवे. 'निष्ठा' हा शब्द धन्याच्या तोंडी किती सोयीचा असतो, हे आपल्याइतके कोणास ठाऊक? पन्नेने सिंहासन राखले, यापेक्षा हाती सोपविलेल्या निराधार बालकाशी इमान राखले, हे मला मोठे वाटते. तो त्याग तिने आपण होऊन केला. चाकराकडे तो मागण्याचा अधिकार कोणत्याही धन्यास नाही. आणि चंदनास तर कोणी विचारलेही नव्हते!

म्हणून विनंती एवढीच की, मुलांना ही कथा सांगताना चंदनाचेही नाव आवर्जून घ्यावे. राजांची वंशावळ इतिहास लिहितोच. चाकराच्या लेकराची आठवण राबणाऱ्यांच्या नातवंडांनी ठेवावयाची नाही, तर कोणी?