फुग्याचा प्रयोग आणि जुळवलेले आकडे

द्रव्य अक्षय्यतेचा नियम अनेक शाळांतून शिकवला जातो. पडताळून मात्र पाहिला जात नाही, असा आमचा स्पष्ट आक्षेप आहे. नातवंडे गुजराती माध्यमात शिकोत, हिंदी वा कन्नड माध्यमात शिकोत. प्रयोगवहीतले वाक्य ठरलेले असते : ‘प्रयोगापूर्वीचे व प्रयोगानंतरचे वजन समान.’ काटा काय म्हणाला, हे कोणी विचारीत नाही.

फुग्याचाच प्रयोग घ्या. बाटलीत व्हिनेगर आणि तिच्या तोंडावर ताणलेल्या फुग्यात खाण्याचा सोडा. सोडा आत पडताच कार्बन डायऑक्साइड निघतो, फुगा फुगतो आणि ‘वायू आतच राहिला, सबब वजन तेवढेच’ असे सांगितले जाते. परंतु दशांश ग्रॅम दाखविणाऱ्या काट्यावर वजन उतरलेले दिसते! एक लीटर फुगलेला फुगा तेवढीच हवा बाजूला सारतो. तिचे वजन सुमारे १.२ ग्रॅम, तेवढा भार भोवतालची हवा उचलून धरते. नियम मोडलेला नाही, प्रयोगच चुकीचा निवडला आहे. अशा वेळी प्रामाणिक मूल घट लिहिते आणि चुकीचे ठरते. चतुर मूल आकडा जुळवते. विज्ञानाच्या तासाला असत्य लिहावयास शिकविणे, याहून मोठी हानी कोणती?

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए याने तराजूला गप्प बसविले नाही. १७७४ मध्ये त्याने बंद पात्रात कथील तापविले. एकूण वजन बदलले नाही. पात्र उघडताच हवा आत शिरली आणि तेव्हाच वजन वाढले. त्या वाढीचा त्याने माग काढला. १७८९ च्या आपल्या ग्रंथात त्याने हा नियम मांडला, तो अशा तोलण्याच्या बळावर.

मग करावे काय? शीतपेयाची एक लीटरची प्लॅस्टिकची बाटली घ्यावी. काचेची घेऊ नये. आत थोडे व्हिनेगर ओतावे, कागदाच्या पुडीत एकच ग्रॅम सोडा बांधावा. बाटली, झाकण व पुडी एकत्र तोलावी. पुडी आत टाकून झाकण तत्काळ घट्ट लावावे. फेस निवल्यावर पुन्हा तोलावे : वजन तेच. आता झाकण सैल करावे : फुस्स आवाज येतो आणि काटा किंचित उतरतो. ही घट निसटलेल्या वायूची. ती मुलाने स्वतः नोंदविली, तरच नियम त्याचा झाला.

वाचकांनी नातवंडांची प्रयोगवही एकदा मागून पाहावी. सारेच आकडे तंतोतंत जुळलेले असतील, तर कौतुक करू नये. काटा आणावयास सांगावे.