लाजेवर चढणारे व्याज

सदर : आरोग्य हीच पुंजी



मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी यांविषयी आपल्या घरांत जेवतानाही मोकळेपणाने बोलले जाते. साखर किती आली, हे आपण दुकानात आलेल्या गिऱ्हाइकालाही सांगतो. परंतु जननेंद्रियाजवळ एखादी गाठ हाताला लागली, तर पुरुष ती पत्नीलाही सांगत नाही. बँकेच्या नोकरीत एक गोष्ट नेहमी दिसे : हप्ता थकताच येऊन सांगणाऱ्या कर्जदाराला काही ना काही मार्ग निघे, तोंड लपवणाऱ्याचे व्याज मात्र चढत राही. शरीराचा हिशेब याहून निराळा नाही. म्हणून हा संकोचाचा विषय या अंकात मुद्दाम घेतला आहे. मी वैद्य नव्हे. निदान डॉक्टरांनीच करावयाचे. कोणती गाठ कशाची असू शकते आणि पाऊल केव्हा उचलावे, एवढेच येथे मांडतो.

प्रथम स्वाभाविक काय ते पाहू. दोन्ही वृषणे अगदी समान नसतात. एक किंचित मोठे, एक किंचित खाली असणे हे सर्वसाधारण आहे. प्रत्येक वृषणाच्या मागच्या बाजूस मऊ दोरीसारखा भाग लागतो. ती शुक्रवाहक नलिकांची गुंडाळी होय, रोग नव्हे. शिश्नाच्या टोकाच्या कडेने मोत्यांसारखे बारीक दाणे ओळीने असणे हेही अनेक तरुणांत नैसर्गिक असते. पुष्कळ मुले याच दाण्यांच्या भीतीने झोप घालवून बसतात.

आता सूज. वृषणाभोवतीच्या आवरणात पाणी साचले की हायड्रोसील होते. ही सूज बहुधा दुखत नाही, पण जडपणा येतो. विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर या भागांत हत्तीरोग हेही त्याचे कारण असते. त्याचे जंतू डासांमार्फत शरीरात शिरतात. शिरा फुगून पिशवीत गांडुळांचा पुंजका असल्यासारखे लागले, तर त्यास व्हेरिकोसील म्हणतात. ते बहुधा डाव्या बाजूस असते आणि काहींच्या बाबतीत अपत्यप्राप्तीत अडचण आणते. उतारवयात ते अचानक उद्भवले, किंवा आडवे झाल्यावरही ओसरले नाही, तर डॉक्टर मूत्रपिंडाचीही तपासणी करतात. वृषणाच्या वर, त्यापासून वेगळी लागणारी गुळगुळीत गाठ बहुधा पाण्याची व निरुपद्रवी असते.

हर्निया म्हणजे अंतर्गळ. जांघेत फुगवटा येतो, खोकताना वाढतो, आडवे झाल्यावर आत जातो. पोती उचलणे, जुनाट खोकला, शौचास कुंथणे यांनी तो बळावतो. फुगवटा आत जाईनासा झाला, दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, तर आतडे अडकल्याचा संभव असतो. त्याच वेळी रुग्णालय गाठावे. दुकान बंद होण्याची वाट पाहू नये.

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. परंतु जखम नसताना आलेले, किंवा दोन आठवड्यांत न उतरणारे अवधाण दाखवून घ्यावे. शिश्नावरील न दुखणारा व्रण आपोआप भरला तरी तो उपदंशाचा असू शकतो. व्रण गेला म्हणून रोग जात नाही, आणि तो पत्नीपर्यंत पोहोचतो. मोसासारख्या वाढींचेही तसेच. त्या संसर्गजन्य असू शकतात. येथे चारित्र्याची चौकशी घरात मांडण्यापेक्षा दोघांची तपासणी होणे अधिक महत्त्वाचे आहे. अग्रत्वचा वारंवार सुजणे, तिला चिरा पडणे ही कधी कधी मधुमेहाची पहिली खूण असते. दिवसभर गादीवर बसून व्यवहार करणाऱ्या आपल्या मंडळींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. अग्रत्वचा मागे सरकत नसेल आणि तिच्याखाली न भरणारी जखम किंवा कठीण गाठ असेल, तर विलंब मुळीच नको. तंबाखू हे येथील कर्करोगाचेही एक कारण आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट : वृषणाच्या अंगातच लागणारी, कठीण, न दुखणारी गाठ. वृषणाचा कर्करोग विरळ आहे, पण तो म्हाताऱ्यांपेक्षा साधारण १५ ते ४० या वयातील तरुणांत अधिक आढळतो. दुखत नाही म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग यास १९९६ साली, वयाच्या २५व्या वर्षी, निदान झाले तेव्हा रोग फुफ्फुसांत व मेंदूत पसरला होता. तरीही तो उपचारांनी बरा झाला. पुढे उत्तेजक द्रव्यांमुळे त्याची कीर्ती मलिन झाली, तो भाग वेगळा. १९७४ साली अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिन या औषधाचा संयुक्त उपचार सुरू केला, तेव्हापासून हा रोग पसरला असला तरी बहुतेकदा बरा होतो. वेळीच सापडला तर उपचारही थोडक्यात आटोपतात. एक वृषण काढले तरी दुसरे निरोगी असल्यास संसार व अपत्यप्राप्ती सहसा थांबत नाही. औषधोपचारापूर्वी वीर्य साठवून ठेवण्याची सोयही असते. विवाह व्हायच्या मुलाच्या आईवडिलांना हीच चिंता असते, म्हणून हे स्पष्ट लिहिले.

आता मातांसाठी दोन गोष्टी. बाळ सहा महिन्यांचे झाले तरी वृषण पिशवीत उतरले नसेल, तर बालशल्यतज्ज्ञांस दाखवावे. पुढे कर्करोगाचा व वंध्यत्वाचा धोका वाढतो. दुसरी गोष्ट काळजावर कोरून ठेवावी. बारा ते अठरा वर्षांच्या मुलास एकाएकी वृषणात तीव्र वेदना झाल्या, तर वृषणास पीळ पडून रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया झाली तर वृषण बहुधा वाचते. पुढे आशा झपाट्याने मावळते. मुलगा लाजून 'पोट दुखते' एवढेच म्हणतो, उलटी करतो. अशा वेळी ओवा, शेक यांत रात्र न घालवता त्याला एकांतात, वडिलांनी किंवा काकांनी, सरळ विचारावे, आणि मध्यरात्र असली तरी शल्यतज्ज्ञांकडे न्यावे. ताप, लघवीला जळजळ किंवा गालगुंडानंतर आलेली सूज बहुधा संसर्गाची असते. तिलाही त्याच दिवशी दाखवावे.

तपासणीला भिण्यासारखे काही नाही. डॉक्टर हाताने पाहतात, मग सोनोग्राफी होते. तीत वेदना नाही, किरणोत्सर्ग नाही. हायड्रोसीलमागे दुसरी गाठ दडलेली नाही ना, हेही तीत कळते. संशय असेल तर रक्ताच्या काही चाचण्या होतात. वृषणातील गाठीत सुई घालून पाणी काढणाऱ्या अर्धवट जाणकारापासून मात्र दूर राहावे.

आरोग्यविम्याविषयी एक शब्द. अनेक पॉलिसींत हर्निया व हायड्रोसील यांना ठराविक प्रतीक्षाकाळ असतो. तो आधी वाचून ठेवावा, आणि असलेला आजार अर्जात लपवू नये. लपवल्यास दावा नाकारला जाऊ शकतो. परंतु कठीण गाठ किंवा तीव्र वेदना असताना विम्याच्या तारखेसाठी थांबू नये.

महिन्यातून एकदा, गरम पाण्याने स्नान केल्यावर, दोन मिनिटे हाताने तपासावे. काल नव्हते ते आज लागले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्यावी. बहुतेक वेळा निर्धास्त होऊनच घरी परताल. वाचून झाल्यावर हा अंक घरातील तरुण मुलाच्या हाती पडेल अशा जागी ठेवा. तोंडाने बोलणे अवघड वाटत असेल, तर एवढे तरी सहज जमेल.