लपविलेला मृत्यू

घरात मृत्यू झाला की भेटायला येणारे कारण विचारतात. आजार किंवा अपघात असेल, तर ते सांगितले जाते. परंतु अमली पदार्थ प्रमाणाबाहेर घेतल्यामुळे कुणी गेले असेल, तर ‘हृदय बंद पडले’ एवढेच सांगून विषय मिटविला जातो. खरे सांगितले तर अब्रू जाईल, मुलींची लग्ने अडतील, ही भीती अगदीच निराधार नसते. तरीही लपविलेल्या मृत्यूपासून समाज काहीच शिकत नाही.

चेन्नईच्या शांती रंगनाथन यांनी ही लपवालपवी नाकारली. १९७९ मध्ये त्यांचे पती टी. टी. रंगनाथन यांचा दारूच्या व्यसनाने बळी घेतला. ऐन तारुण्यात आलेल्या या दुःखाचे कारण त्यांनी झाकले नाही. १९८० मध्ये त्यांनी पतीच्याच नावाने व्यसनमुक्तीचे कार्य सुरू केले. १९९२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ सुरू केले. व्यसन हा आजार आहे, हाच या दोन्ही कार्यांचा पाया होय.

आजार म्हटला की उपचार आठवतो. कलंक म्हटला की दार बंद होते. गर्दची मात्रा जास्त झाली की श्वास मंदावतो, घशातून घरघर येते, ओठ निळे पडतात, हाका मारूनही माणूस जागा होत नाही. अशा वेळी त्याला कुशीवर वळवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, त्याला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांना खरे ते सांगावे. गर्दचा परिणाम उतरविणारे नॅलोक्सोन हे औषध आहे; पण ते वेळेवर मिळावे लागते. सोबती पोलिसांच्या भीतीने पळतात, घरचे लाजेने थांबतात आणि तेवढ्यात जीव जातो.

व्यसन सोडून परतलेल्याला तर अधिक जपावे लागते. शरीराची सवय मोडलेली असते. मोहाच्या एका क्षणी घेतलेली जुनीच मात्रा आता प्राणघातक ठरते. त्याला टोमणे नकोत, सोबत हवी.

अशा मृत्यूंच्या स्मरणासाठी ३१ ऑगस्ट हा दिवस जगभर पाळला जातो. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात त्याची सुरुवात झाली. गेलेल्याचे नाव मान खाली न घालता घेणे, ही त्याला वाहिलेली खरी श्रद्धांजली होय. ते नाव ऐकून शेजारच्या घरातील एखादी आई आपल्या मुलासाठी वेळीच मदत मागेल.